अठरा वर्षांनी उघडलेले दार : कार्डिनल जोसेफ स्लिपी

आपल्या धर्मग्रामातील सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना एक गोष्ट नक्की आठवत असेल. मिस्सा लॅटिन भाषेत होत असे त्या काळी, मिस्सा संपल्यावर फादर वेदीच्या पायरीवर गुडघे टेकत आणि आपणही त्यांच्याबरोबर तीन वेळा नमो मरिया म्हणत असू. ही प्रार्थना कशासाठी, हे आम्हां मुलांना कोणी सांगितले नव्हते. घरी जाऊन नाश्ता करायची घाई असायची. पुढे मोठे झाल्यावर समजले की १९३० साली पोप अकरावे पायस यांनी ही प्रार्थना रशियासाठी करावी असे जगभरच्या ख्रिस्तसभेला सांगितले होते. १९६५ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, गावोगावच्या चर्चमध्ये गुडघे टेकून लोक रशियासाठी प्रार्थना करीत होते आणि बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती.

त्या प्रार्थनेचे काय झाले, असे कोणी विचारले तर आम्ही एका माणसाकडे बोट दाखवू. त्यांचे नाव कार्डिनल जोसेफ स्लिपी. त्यांच्याबरोबर आणखी एका माणसाविषयीही बोलावे लागेल. तो छळ करणाऱ्यांच्या बाजूचा होता. त्याचे नाव निकिता ख्रुश्चेव्ह.

जोसेफ स्लिपी यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९२ रोजी झाझद्रिस्त या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. त्या काळी तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. तेथील कॅथलिक लोक आपल्यासारखी रोमन पद्धतीची उपासना करीत नाहीत. त्यांची मिस्सा पूर्वेकडील ग्रीक पद्धतीची, चर्चमध्ये पवित्र चित्रांची उंच भिंत, विवाहित पुरुषांना धर्मगुरू होण्याची मुभा. मात्र १५९६ सालच्या ब्रेस्टच्या करारापासून ते पोप महोदयांना मानतात. ज्यांनी कल्याण धर्मप्रांतातील सिरो-मलबार बांधवांची कुर्बाना पाहिली आहे त्यांना हे समजणे कठीण जाणार नाही. उपासना वेगळी, श्रद्धा तीच, पोप तेच. या लोकांना ग्रीक कॅथलिक म्हणतात.

मुलगा हुशार होता. लिव्हिव शहरातील सेमिनरीतून त्याला ऑस्ट्रियात इन्सब्रुकला शिकायला पाठवले. ३० सप्टेंबर १९१७ रोजी आर्चबिशप आंद्रे शेप्टित्स्की यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शेप्टित्स्की स्वतः नुकतेच झारच्या रशियातील बंदिवासातून सुटून आले होते. ज्या हातांनी दीक्षा दिली तेच हात बंदिवास भोगून आलेले होते, ही गोष्ट त्या तरुण धर्मगुरूंना पुढे पुष्कळदा आठवली असेल. त्यानंतर रोममध्ये पुढचे शिक्षण झाले. १९२२ साली लिव्हिवला परतून ते सेमिनरीत ईशज्ञान शिकवू लागले, काही वर्षांनी तिचे रेक्टर झाले आणि १९२९ साली स्थापन झालेल्या ईशज्ञान अकादमीचेही प्रमुख झाले. पुस्तके, विद्यार्थी आणि एक विद्वत्तापूर्ण नियतकालिक यांत त्यांचे आयुष्य निवांत गेले असते.

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा लिव्हिवमध्ये शिरल्या. आर्चबिशप शेप्टित्स्की वृद्ध होते, आजाराने खुर्चीला खिळलेले होते. पुढे काय येणार ते त्यांनी ओळखले. २२ डिसेंबर १९३९ रोजी त्यांनी फादर स्लिपी यांना गुपचूप बिशपपदाची दीक्षा दिली आणि आपले वारसदार नेमले. नंतर जर्मन आले, ज्यूंची कत्तल सुरू झाली. शेप्टित्स्की व त्यांचे मठवासी बंधू क्लेमेंत यांनी ज्यू मुलांना मठांमध्ये लपवून वाचवले. जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या. १ नोव्हेंबर १९४४ रोजी शेप्टित्स्की यांचे निधन झाले आणि सगळा भार बावन्न वर्षांच्या स्लिपी यांच्या खांद्यावर आला.

त्यांनी आधी समेटाचा प्रयत्न करून पाहिला. डिसेंबरमध्ये आपले प्रतिनिधी मॉस्कोला पाठवले, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी एक लाख रुबल पाठवले. त्याचा उपयोग झाला नाही. स्टालिनने मनात ठरवलेले होते. परदेशातील पोपला मानणारे लाखो लोक आपल्या सरहद्दीवर नकोत. त्यांना एक तर मॉस्कोच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत सामील करायचे, नाहीतर संपवायचे.

११ एप्रिल १९४५ रोजी सेंट जॉर्ज कॅथेड्रलच्या टेकडीवर पोलीस चढले. स्लिपी यांना अटक झाली. त्याच वेळी बिशप बुडका, चार्नेत्स्की, खोमिशिन आणि लातिशेव्स्की यांनाही पकडण्यात आले. कीव्हच्या तुरुंगात रात्रीमागून रात्री चौकशी चालली. रोमशी नाते तोडा, मोठे पद देऊ, असे आमिष दाखवण्यात आले. स्लिपी यांनी नकार दिला. त्यांना आठ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. खोमिशिन कीव्हच्या तुरुंगातच वारले. बुडका १९४९ साली कझाकस्तानातील कारागंडा येथे वारले. चार्नेत्स्की १९५६ साली सुटले तेव्हा ते इतके आजारी होते की आता जगणार नाहीत म्हणूनच त्यांना सोडले होते. हे तिघे आज धन्यवादित आहेत. २७ जून २००१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी लिव्हिवमध्येच त्यांना तो मान दिला.

बिशप तुरुंगात असताना ८ ते १० मार्च १९४६ या तीन दिवसांत त्याच सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये एक धर्मसभा भरवण्यात आली. दोनशेच्या वर धर्मगुरू जमवले गेले. ज्यांना ही ख्रिस्तसभा आपले मेंढपाळ मानत होती त्यांपैकी एकही तिथे नव्हता. रोमशी असलेले नाते रद्द झाल्याचा ठराव झाला आणि कायद्याच्या दृष्टीने ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभा अस्तित्वातच राहिली नाही. तिच्या मालकीची चर्चेस ऑर्थोडॉक्सांना दिली गेली किंवा त्यांना टाळे लागले. ज्या धर्मगुरूंनी ठराव मानला नाही ते सैबेरियाला गेले. काहींनी मानला. बायकामुले असलेल्या त्या माणसांना नावे ठेवायला आमची जीभ उचलत नाही. उरलेले लोक घरांत, कोठारांत, जंगलात मिस्सा करू लागले.

त्या वेळी युक्रेनच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख होते निकिता ख्रुश्चेव्ह. १९३८ पासून ते तिथे होते. हुकूम मॉस्कोहून स्टालिनचा, पण युक्रेनमध्ये त्याची अंमलबजावणी होत होती ती त्यांच्या राजवटीत. शेजारच्या मुकाचेव्हो येथील तरुण बिशप थिओडोर रोम्झा यांच्या घोडागाडीवर २७ ऑक्टोबर १९४७ रोजी लष्करी ट्रक घातला गेला. ते त्यातून वाचले, म्हणून १ नोव्हेंबरला रुग्णालयात विष देऊन त्यांना मारले. सोव्हिएत गुप्तहेर खात्यातील अधिकारी पावेल सुडोप्लातोव्ह यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले की या हत्येसाठी ख्रुश्चेव्ह यांनीच पुढाकार घेतला होता. एका खेडवळ, देवभीरू आईच्या पोटी १८९४ साली जन्मलेला, पवित्र चित्रांपुढे दिवा लागणाऱ्या घरात वाढलेला हा मुलगा कुठवर येऊन पोहोचला होता पाहा.

इकडे स्लिपी एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत होते. सैबेरिया, उत्तरेकडचा पेचोरा आणि इंताचा बर्फाळ मुलूख, नंतर मोर्दोव्हिया. त्यांच्या प्रकृतीचा चुराडा झाला. आठ वर्षांची शिक्षा १९५३ मध्ये संपली. स्टालिनही त्याच वर्षी मेला. तरीही सुटका नाही. येनिसेई नदीकाठच्या मक्लाकोव्हो गावातील अपंग-वृद्धांच्या आश्रमात त्यांना ठेवले. इथे त्यांनी काय करावे? आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास लिहायला घेतला. आणि आपल्या विखुरलेल्या लोकांसाठी मेंढपाळाची पत्रे लिहून हातोहात बाहेर पाठवू लागले. १९५७ साली त्यांच्या गुरुदीक्षेला चाळीस वर्षे झाली तेव्हा पोप बारावे पायस यांनी त्यांना पत्र लिहिले. एवढ्यावरून सरकारच्या ध्यानात आले की हा म्हातारा अजून संपलेला नाही. १९५८ मध्ये पुन्हा अटक, पुन्हा सात वर्षांची शिक्षा.

इथे थोडे थांबले पाहिजे. १९५८ मध्ये सत्तेवर कोण होते? ख्रुश्चेव्ह. फेब्रुवारी १९५६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात स्टालिनच्या गुन्ह्यांचा पाढा वाचून त्यांनी जगाला चकित केले होते. लाखो कैदी छावण्यांमधून घरी परतले होते. त्याच ख्रुश्चेव्ह यांनी दोन-तीन वर्षांत धर्माविरुद्ध नवी मोहीम उघडली आणि देशभरातील हजारो चर्चेस बंद केली. म्हणजे एका हाताने तुरुंग उघडायचे आणि दुसऱ्या हाताने चर्चची दारे लावायची. माणूस आतून असा दुभंगलेला असू शकतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरीदारीही त्याची छोटी उदाहरणे सापडतील.

ऑक्टोबर १९६२ मध्ये दोन मोठ्या घटना एका महिन्यात घडल्या. ११ तारखेला रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. तिला मॉस्कोच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे निरीक्षक आले होते. परदेशात राहणाऱ्या युक्रेनियन बिशपांना ते पाहून वाईट वाटले आणि त्यांनी ते उघडपणे बोलून दाखवले. मॉस्कोचे पाहुणे सेंट पीटरमध्ये मानाने बसलेले आणि आमचे आर्चबिशप सतराव्या वर्षीही छावणीत! त्याच महिन्यात क्यूबाच्या प्रश्नावरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या काठावर आले. २५ ऑक्टोबरला पोप तेविसावे जॉन यांनी रेडिओवरून दोन्ही देशांच्या नेत्यांना शांततेसाठी कळवळून विनंती केली. मॉस्कोच्या 'प्रावदा' या पक्षाच्या दैनिकाने पोपची ती विनंती छापली. असे कधी घडले नव्हते.

युद्ध टळले. नॉर्मन कझिन्स नावाचे एक अमेरिकन संपादक होते. ते कॅथलिक नव्हते. डॉमिनिकन संघाचे फादर फेलिक्स मॉर्लियन यांच्या मध्यस्थीने ते व्हॅटिकनचा निरोप घेऊन मॉस्कोला गेले. १३ डिसेंबर १९६२ रोजी क्रेमलिनमध्ये ख्रुश्चेव्ह त्यांच्याशी तीन तासांहून अधिक वेळ बोलले. जगाच्या शांततेचे बोलणे झाल्यावर कझिन्स यांनी स्लिपी यांचा विषय काढला. ख्रुश्चेव्ह यांना हे प्रकरण पुरेपूर माहीत होते. ते युक्रेनमध्येच वाढले होते असे म्हणायला हरकत नाही. त्यांची शंका वेगळीच होती. या माणसाला सोडले तर उद्या तुमची वर्तमानपत्रे कम्युनिस्टांनी बिशपचा कसा छळ केला याचे मथळे छापतील, मग आमचा फायदा काय? कझिन्स यांनी सांगितले की पोप महोदयांना प्रचार नको आहे, त्या म्हाताऱ्या माणसाला शेवटचे दिवस शांतपणे जगता यावेत एवढेच त्यांना हवे आहे. ख्रुश्चेव्ह यांनी ताबडतोब होकार दिला नाही, विचार करतो म्हणाले. मात्र पोप महोदयांसाठी नाताळच्या शुभेच्छांचा संदेश त्यांनी कझिन्स यांच्याकडे दिला.

जानेवारी १९६३ मध्ये होकार आला. अट एकच, त्यांनी देश सोडून जायचे. स्लिपी यांना घेऊन येण्यासाठी रोमहून मॉन्सिन्यॉर विलेब्रांड्स मॉस्कोला गेले. ज्याच्यासाठी सगळी धडपड चालली होती त्या माणसाला जायचे नव्हते! एकाहत्तरीला टेकलेल्या त्या कैद्याला आपल्या लोकांना सोडून जाणे म्हणजे पळून जाणे वाटत होते. पोप महोदयांची तशी इच्छा आहे हे कळल्यावरच ते तयार झाले.

मॉस्कोच्या हॉटेलातला ४ फेब्रुवारी १९६३ चा दिवस आम्हाला या सगळ्या चरित्रात सर्वांत हृद्य वाटतो. स्लिपी यांनी तार करून रिडेम्पटरिस्ट संघाचे फादर वासिल वेलिच्कोव्स्की यांना बोलावून घेतले. तेही दहा वर्षे छावणीत काढून आलेले. हॉटेलच्या खोलीत, कॅथेड्रल नाही, गायकवृंद नाही, धूप नाही, स्लिपी यांनी त्यांना गुपचूप बिशपपदाची दीक्षा दिली. तेवीस वर्षांपूर्वी शेप्टित्स्कींनी त्यांच्याबाबत जे केले होते तेच. पाहारेकऱ्यांच्या नाकासमोर त्यांनी मागे एक मेंढपाळ ठेवला आणि मगच आगगाडीत बसले. वेलिच्कोव्स्की यांनी पुढल्याच वर्षी फादर वोलोदिमीर स्तेर्न्युक यांना बिशप केले आणि स्तेर्न्युक यांनी भूमिगत ख्रिस्तसभा पुढे अनेक वर्षे सांभाळली. वेलिच्कोव्स्की यांना १९६९ मध्ये पुन्हा पकडले. १९७२ मध्ये देशाबाहेर घालवल्यावर पुढल्या वर्षी कॅनडात त्यांचे निधन झाले. तेही आज धन्यवादित आहेत.

९ फेब्रुवारीला स्लिपी इटलीत पोहोचले. पत्रकारांना चुकवण्यासाठी त्यांना रोमजवळच्या ग्रोत्ताफेराता मठात नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी ते पोप जॉन यांना भेटले. पोप महोदय स्वतः पोटाच्या कर्करोगाने आजारी होते, त्यांना जेमतेम चार महिने उरले होते. स्लिपी यांनी छळाबद्दल वर्तमानपत्रांपुढे एक शब्द काढला नाही. तरी काही वर्तमानपत्रांनी चटकदार मथळे छापलेच, ख्रुश्चेव्ह यांना भीती होती अगदी तसेच.

७ मार्च १९६३ रोजी ख्रुश्चेव्ह यांची मुलगी राडा आणि जावई अलेक्सी अजुबेई पोप महोदयांना भेटायला आले. अजुबेई 'इझ्वेस्तिया' या सरकारी दैनिकाचे संपादक होते. पोप महोदयांनी राडाला जपमाळ दिली. तिच्या मुलांची नावे त्यांना ठाऊक होती, पण आई मुलांची नावे घेते तेव्हा त्यात वेगळाच गोडवा असतो, म्हणून तिच्याच तोंडून ती ऐकवावी अशी त्यांनी विनंती केली. निकिता, अलेक्सी, इव्हान. इव्हान म्हणजे जॉन, आपलेच नाव, म्हणून त्या धाकट्याला विशेष लाड सांगायला ते विसरले नाहीत. ज्या घरातून बिशपांच्या मृत्यूचे हुकूम निघाले त्या घरात अशा रीतीने एक जपमाळ गेली.

मॉरिस वेस्ट या लेखकाची 'द शूज ऑफ द फिशरमन' ही कादंबरी याच वर्षी निघाली आणि पुढे तिच्यावर चित्रपटही आला. आपल्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. सैबेरियातून सुटलेला एक युक्रेनियन बिशप पोप होतो आणि त्याचा पूर्वीचा छळ करणारा अधिकारी, जो आता रशियाचा प्रमुख झाला आहे, त्याच्याकडे मदतीसाठी हात पुढे करतो, अशी ती कथा. कादंबरीत मन पालटते ते सुबकपणे. ख्रुश्चेव्ह यांचे तसे काही झाले नाही. त्यांनी ग्रीक कॅथलिकांवरची बंदी उठवली नाही, बंद केलेली चर्चेस उघडली नाहीत, रोम्झांविषयी कधी पश्चात्ताप व्यक्त केल्याचे आमच्या वाचनात नाही. स्लिपींना सोडण्यात त्यांचा राजकीय हिशेब होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना खाली खेचले आणि ११ सप्टेंबर १९७१ रोजी ते वारले.

मग याला मनपालट म्हणायचे का? आम्ही पुष्कळ विचार केला. पौलासारखे घोड्यावरून पडणे इथे नाही. पण ज्या माणसाने एके काळी असे दार आपल्या हाताने बंद केले त्याने ते एका कैद्यापुरते का होईना उघडले, आणि ते एका मरणासन्न वृद्ध पोपच्या सांगण्यावरून. जक्कयसुद्धा प्रथम झाडावर चढला तो केवळ उत्सुकतेने. दार बोटभर उघडले होते की नाही, एवढे आम्ही म्हणू. पुढचे देवाला ठाऊक.

रोममध्ये स्लिपी यांना सुखाने बसता आले असते. डिसेंबर १९६३ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना मेजर आर्चबिशप हा दर्जा दिला आणि २२ फेब्रुवारी १९६५ रोजी ते कार्डिनल झाले. त्यांनी रोममध्ये युक्रेनियन कॅथलिक विद्यापीठ सुरू केले, सेंट सोफिया हे सोनेरी चित्रकामाचे सुंदर चर्च उभारले आणि उतारवयात जगभर फिरून आपल्या विखुरलेल्या लोकांना भेटले. पण व्हॅटिकन त्या काळात मॉस्कोशी सबुरीने वागत होते, आणि ते त्यांना सहन होत नसे. १९७१ च्या सिनडमध्ये ते उभे राहिले आणि आपल्या लोकांनी एवढे रक्त सांडूनही त्यांची बाजू कोणी घेत नाही, हे त्यांनी सगळ्या बिशपांपुढे स्पष्ट सांगितले. आपल्या ख्रिस्तसभेला पॅट्रिआर्कचा दर्जा मिळावा ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. १९७७ साली तर त्यांनी पोप महोदयांची परवानगी न घेता तिघांना बिशप केले. आज्ञापालनाच्या दृष्टीने हे योग्य नव्हते असे आमचे मत आहे. परंतु अठरा वर्षे ज्याने परवानगीशिवायच ख्रिस्तसभा जिवंत ठेवली त्याला ही सवय कशी लागली हेही समजते. त्या तिघांपैकी लुबोमीर हुसार पुढे कार्डिनल झाले आणि त्यांनी या ख्रिस्तसभेचे नेतृत्व केले.

७ सप्टेंबर १९८४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, कार्डिनल स्लिपी रोममध्ये वारले. आपल्या मायभूमीत पुरले जावे अशी त्यांची इच्छा होती, पण तेव्हा ते शक्य नव्हते. सेंट सोफिया चर्चमध्येच त्यांचे शरीर ठेवले गेले.

१ डिसेंबर १९८९ रोजी मिखाईल गोर्बाचेव्ह व्हॅटिकनमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांना भेटायला आले, आणि त्याच सुमारास युक्रेनमधील ग्रीक कॅथलिकांना नोंदणी करण्याची मुभा मिळाली. घरांतून, कोठारांतून लोक बाहेर आले. दोन वर्षांत सोव्हिएत संघराज्यच उरले नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये कार्डिनल स्लिपी यांची शवपेटी विमानाने लिव्हिवला आणण्यात आली. रस्त्यांवर अफाट गर्दी लोटली होती. ज्या टेकडीवरून ११ एप्रिल १९४५ रोजी पोलिसांनी त्यांना खाली नेले होते त्याच टेकडीवर लोकांनी त्यांना वर नेले, आणि सेंट जॉर्ज कॅथेड्रलच्या तळघरात, ज्यांनी त्यांना गुरुदीक्षा दिली होती त्या आर्चबिशप शेप्टित्स्कींच्या सोबतीला ठेवले.